दातांस तार केव्हा लावावी?

(मंडळाच्या वार्षिक स्नेहसंमेलनात पालकांपुढे केलेले भाषण)



संमेलनाच्या दुसऱ्या दिवशी एखाद्या विद्वान गृहस्थाचे व्याख्यान ठेवावे, अशी आपल्या मंडळाची जुनी प्रथा आहे. यंदा कार्यकारी मंडळाने हा मान माझ्यासारख्या मॅट्रिकपर्यंत शिकलेल्या एका सेवानिवृत्त प्राथमिक शिक्षकास दिला, याबद्दल मी ऋणी आहे. विषय मीच सुचविला. तो ऐकून आपले चिटणीस हसले. म्हणाले, "गुरुजी, संस्कारांवर बोला, अभ्यासावर बोला, दातांवर आपण काय बोलणार?" मी त्यांस सांगितले की, संस्कारांवर बोलणारे आपल्या ज्ञातीत पुष्कळ आहेत. दातांवर बोलण्याचा अधिकार मात्र मला माझ्या स्वतःच्या एका चुकीने मिळवून दिला आहे. ती चूक आपणांपैकी कोणाच्या घरी पुन्हा घडू नये, एवढाच या भाषणाचा हेतू.

प्रारंभीच एक खुलासा करतो. मी वैद्य नव्हे. जे सांगणार आहे ते जाणत्या दंतवैद्यांकडून विचारून घेतलेले आणि समजेल तितके वाचून पडताळलेले आहे. शिक्षकाचे काम नवे ज्ञान निर्माण करण्याचे नसते. असलेले ज्ञान सोपे करून पोहोचविण्याचे असते. आजही तेच करीत आहे.

मी ३८ वर्षे मुलांपुढे उभा राहिलो. वर्गात एखादे मूल हसताना तोंडावर हात घेते, मोठ्याने वाचावयास सांगितले की पुस्तक तोंडाशी आणते, गटाचा फोटो निघताना ओठ घट्ट मिटते. मुले निर्दय असतात असे नाही, पण ती अविचारी असतात. वाकड्या दातांच्या मुलास ती टोपणनाव ठेवतात आणि ते नाव शाळा सुटली तरी सुटत नाही. शिवाय प्रश्न केवळ रूपाचा नाही. दातांची ठेवण बिघडली की घास नीट चावला जात नाही, एकावर एक चढलेले दात स्वच्छ होत नाहीत, ते किडतात, हिरड्या सुजतात; आणि पुढे आलेले दात खेळता-पडताना सर्वांत आधी मोडतात.

आता माझी चूक सांगतो. ज्या कन्येविषयी ती आहे, तिची अनुमती घेऊनच सांगत आहे.

माझी थोरली कन्या १९८५ साली जन्मली. सातव्या वर्षी तिचे पुढचे कायमचे दात आले, तेव्हा घरातील सर्वांच्या एक गोष्ट ध्यानात आली. तोंड मिटले असता वरचे पटाशीचे दात खालच्या दातांच्या किंचित बाहेर यावेत, हा सर्वसाधारण नियम. तिचे उलटे होते. खालचे दात बाहेर आणि वरचे आत. माझ्या मातोश्री कौतुकाने म्हणाल्या, "ही तर तुझ्या आजोबांची हनुवटी! घराण्याची खूण आहे हो!" आम्ही सारे हसलो. गावातील एका दंतवैद्याकडे सहज विचारले, तर ते म्हणाले, "सगळे दात येऊ द्या, मग पाहू." मला हे उत्तर सोयीचे होते. मी दहा वर्षे पाहत राहिलो.

२००२ साली, ती सतरा वर्षांची असताना, आम्ही शहरातील एका दंत महाविद्यालयात गेलो. तेथील डॉक्टरांनी एक्स-रे काढले, मोजमापे घेतली आणि शांतपणे सांगितले की, हिच्या जबड्याची वाढ आता पूर्ण झाल्यासारखी आहे. येथे नुसत्या तारेने भागणार नाही, जबड्याच्या हाडावर शस्त्रक्रिया करावी लागेल. "सातव्या-आठव्या वर्षी आणली असती तर प्रयत्न करता आला असता," ते म्हणाले. यश आलेच असते असे ते म्हणाले नाहीत. खालचा जबडा वाढण्याची प्रवृत्ती वंशातून आली असेल तर ती पुष्कळदा उपचारांनाही जुमानत नाही. पण संधी होती. ती मी गमावली.

परतताना एस.टी.त ती बराच वेळ खिडकीबाहेर पाहत बसली होती. मग म्हणाली, "बाबा, वर्गातल्या कुठल्या मुलाला फळा दिसत नाही हे तुम्हांला पहिल्या आठवड्यात कळायचं. तुम्ही त्यांच्या घरी चिठ्ठी पाठवायचात. माझे दात तर तुम्ही रोज जेवताना पाहत होतात ना?"

या प्रश्नास माझ्यापाशी उत्तर नव्हते, आजही नाही. शस्त्रक्रिया तिने करून घेतली नाही. तो तिचा निर्णय. शिकली, नोकरीस लागली, तिचा संसार उत्तम चालला आहे. परंतु छायाचित्र काढताना ती अद्याप मान एका बाजूस वळविते, आणि ते पाहिले की मला ती एस.टी. आठवते.

असो. आता मूळ विषयाकडे वळू.

प्रथम दातांचे वेळापत्रक ध्यानात घ्या. दुधाचे दात एकूण २०. ते साधारण सहाव्या महिन्यापासून येऊ लागतात आणि अडीच-तीन वर्षांपर्यंत पुरे होतात. सहाव्या वर्षाच्या सुमारास दुधाच्या शेवटच्या दाढेच्या मागे एक नवी दाढ येते. ती कोणत्याही दुधाच्या दाताच्या जागी येत नाही. म्हणून कित्येक पालक तिला दुधाचीच दाढ समजतात आणि किडली तरी "पडणारच आहे" म्हणून दुर्लक्ष करतात. वस्तुतः ती कायमची पहिली दाढ होय, जन्मभर पुरवावयाची. अमेरिकेतील एडवर्ड अँगल या दंतवैद्याने १८९९ साली दातांच्या बिघडलेल्या ठेवणीचे जे वर्गीकरण केले, ते याच दाढेच्या स्थानावर आधारलेले असून आजही जगभर शिकविले जाते. सहा ते आठ या वर्षांत पुढचे दात बदलतात. मग दोनएक वर्षे वरवर शांतता असते. दहा ते बारा या काळात सुळे आणि दुधाच्या दाढा बदलतात, आणि बाराव्या वर्षाच्या आसपास दुसरी कायमची दाढ येते. अक्कलदाढेचा हिशेब वेगळा. ती आली तर सतराव्या वर्षानंतर येते.

या वेळापत्रकावरून आजच्या प्रश्नाचे उत्तर निघते. पण त्यासाठी एका प्रश्नाचे दोन प्रश्न केले पाहिजेत. दाखवावे केव्हा, हा एक. आणि तार लावावी केव्हा, हा दुसरा. आपण पालक या दोहोंची गल्लत करतो. काहींना वाटते, दाखविले की डॉक्टर लगेच तार लावणार आणि खर्चात पाडणार, म्हणून ते दाखवीतच नाहीत. काहींना वाटते, दाखविले आणि तार लावली नाही तर फेरी फुकट गेली. दोन्ही समजुती चुकीच्या आहेत.

दाखविण्याचे वय सात. अमेरिकेतील या शाखेच्या तज्ज्ञांच्या संघटनेची शिफारस हीच आहे, की सातव्या वर्षापर्यंत प्रत्येक मुलाची एकदा तपासणी व्हावी. कारण सोपे आहे. या वयात पहिल्या कायमच्या दाढा आणि पुढचे काही कायमचे दात तोंडात आलेले असतात. जबडे एकमेकांवर कसे बसतात ते दिसते. आणि हाडांची बरीच वाढ अद्याप व्हावयाची असते. वर्गात जशी सहामाही परीक्षा, तशी ही तपासणी. सहामाहीत कच्चा विषय कळला तर वार्षिकपर्यंत वेळ मिळतो.

या तपासणीनंतर बहुतेक मुलांच्या पालकांस सांगितले जाते, "आता काही करावयाचे नाही, अमुक महिन्यांनी पुन्हा या." हे ऐकून निराश होऊ नये. हेही एक निदानच आहे.

परंतु काही मोजक्या मुलांच्या बाबतीत लवकर हात घालावा लागतो. ती लक्षणे मी क्रमाने सांगतो.

पहिले लक्षण माझ्या कन्येचे : खालचे दात वरच्यांच्या बाहेर येणे. वरचा जबडा मागे राहिला असेल, तर त्यास पुढे ओढण्याचे साधन असते. ते कपाळावर आणि हनुवटीवर टेकते, आणि रबराच्या कड्यांनी वरच्या जबड्यास पुढे ताण देते. ते मुख्यतः घरी व रात्री, दिवसाकाठी बारा-चौदा तास लावावे लागते. याचा गुण आठव्या-नवव्या वर्षाच्या आसपास अधिक येतो; वय वाढेल तसा तो कमी होत जातो.

दुसरे : वरचा जबडा अरुंद असणे. अशा मुलाच्या वरच्या दाढा खालच्या दाढांच्या आत बसतात, आणि चावताना हनुवटी एका बाजूस सरकते. टाळूच्या मध्यावर हाडाची एक सांध असते. ती लहानपणी पुरती जुळलेली नसते. त्या वयात एका साध्या साधनाने वरचा जबडा हळूहळू रुंद करता येतो. यौवनावस्था ओलांडली की ती सांध घट्ट होते आणि तेच काम कठीण होऊन बसते.

तिसरे : अंगठा चोखण्याची सवय. चार वर्षांपर्यंत तिची फार चिंता करू नये. बहुतेक मुले ती आपोआप सोडतात. कायमचे पुढचे दात येऊ लागले तरी ती सुटली नाही, तर वरचे दात पुढे ढकलले जातात आणि पुढच्या बाजूस फट राहते. येथे माझ्या भगिनींस विनंती, की अंगठ्यास कडू लावणे, मारणे, चारचौघांत लाजविणे हे उपाय करू नयेत. मुलास विश्वासात घ्यावे; न जमल्यास डॉक्टर साहाय्य करतात. मूल सदैव तोंड उघडे ठेवून श्वास घेत असेल, झोपेत घोरत असेल, तर कान-नाक-घशाच्या डॉक्टरांसही दाखवावे.

चौथे : दुधाची दाढ किडून वेळेपूर्वी काढावी लागणे. दुधाची दाढ ही खालून येणाऱ्या दाताची जागा धरून ठेवते. एस.टी.त रुमाल टाकून जागा धरतात ना, तसेच. रुमाल उचलला की शेजारचा सरकतो. पहिली कायमची दाढ पुढे सरकते, आणि मागाहून येणाऱ्या दातास जागा उरत नाही. तो मग वाकडा येतो. अशा वेळी जागा राखून ठेवणारे लहानसे साधन बसवून घ्यावे.

पाचवे लक्षण आपल्याकडे वारंवार दिसते : वरचे दात पुष्कळ पुढे आणि खालचा जबडा मागे. या बाबतीत पूर्वी तज्ज्ञांतच मतभेद होता. काही म्हणत, आठव्या-नवव्या वर्षी एकदा आणि पुढे पुन्हा, असे दोन टप्प्यांत उपचार करावेत. अमेरिकेत आणि इंग्लंडमध्ये मुलांचे गट पाडून याच्या चाचण्या झाल्या. निष्कर्ष असा, की दोन टप्प्यांनी आणि किशोरवयातील एकाच टप्प्याने शेवटी होणाऱ्या सुधारणेत फारसा फरक पडत नाही; लवकर उपचार झालेल्या मुलांचे पुढचे दात आपटून मोडण्याचे प्रमाण मात्र कमी असते. म्हणून मूल दांडगे असेल, दात फारच पुढे असतील, किंवा त्यावरून चिडविल्यामुळे ते खचत असेल, तर लवकर, एरवी थांबावे. हा विचार डॉक्टर आणि पालक यांनी मिळून करावयाचा.

आता ज्यांनी खुशाल थांबावे त्यांच्याविषयी. आठ-नऊ वर्षांच्या मुलाच्या वरच्या दोन दातांत फट दिसते, दात पंख्यासारखे बाहेर पसरलेले दिसतात, आणि आजी काळजीत पडते. हॅन्स अँडरसनच्या गोष्टीतील कुरूप पिल्लाचे नाव दंतवैद्यांनी याच अवस्थेस दिले आहे. वरचे सुळे हाडात उतरताना शेजारच्या मुळांवर दाब देतात, त्यामुळे ही फट पडते. अकराव्या-बाराव्या वर्षी सुळे बाहेर आले की बहुधा ती आपोआप मिटते. माझ्या मुलाचा मुलगा आज नेमका या अवस्थेत आहे. त्यास दाखविले, डॉक्टरांनी तपासून परत पाठविले. मात्र दहाव्या वर्षी सुळ्यांची चौकशी अवश्य करावी. सुळा वाट चुकून टाळूकडे वळलेला असेल आणि ते वेळीच कळले, तर दुधाचा सुळा काढल्याने तो अनेकदा मार्गावर येतो.

संपूर्ण तार लावण्याचे मुख्य वय कोणते? बहुतेक मुलांस अकरा ते चौदा. या वेळी जवळजवळ सर्व कायमचे दात आलेले असतात आणि अंगाची वाढ जोरात असते. मुलींची ही झपाट्याची वाढ मुलग्यांच्या सुमारे दोन वर्षे आधी होते. म्हणून वाढीचा उपयोग करून घ्यावयाचा असेल, तेव्हा बहीण-भावास एकाच वयाची फूटपट्टी लावू नये.

येथे दोन शब्द आपल्या समाजापुरते बोलतो. स्पष्ट बोललो तर क्षमा असावी. आपल्या मंडळाचे वधू-वर सूचक मंडळ उत्तम कार्य करते. परंतु मी असे पाहिले आहे, की मुलीचे नाव तेथे नोंदविण्याची वेळ आली की घरच्यांस तिचे दात प्रथम दिसतात. फोटो काढण्यापूर्वी सहा महिन्यांत सरळ करून द्या, असा आग्रह डॉक्टरांकडे धरला जातो. दात हाडात खिळ्यासारखा ठोकलेला नसतो. तो सूक्ष्म तंतूंनी धरलेला असतो. मंद दाब दिला असता एका बाजूचे हाड विरघळते आणि दुसऱ्या बाजूस नवे तयार होते. हे काम महिन्याकाठी सुमारे एक मिलिमीटर या गतीने चालते, आणि घाई केल्यास मुळांस इजा होते. संपूर्ण उपचारास बहुधा दीड ते दोन वर्षे लागतात. स्थळ पाहण्याच्या तारखेशी हाडाचे काही देणे-घेणे नसते. आणि मुलग्याचे काय? "त्याला काय करायचे आहेत सरळ दात," असे म्हणणारे बाप मी पाहिले. घास मुलगाही चावतो, किडही त्याच्या दातांना लागते. उपचार मुलीच्या लग्नासाठी नव्हे. मुलाच्या आणि मुलीच्या आरोग्यासाठी, आणि त्यांच्या वेळेवर करावेत.

ज्यांचे वय निघून गेले त्यांनी हताश होण्याचे कारण नाही. हिरड्या आणि हाड निरोगी असतील, तर चाळिशीतही दात सरकतात. वय जाते ते जबड्याची वाढ वळविण्याचे. दात हलविण्याचे नव्हे.

आता व्यवहार. तार लावणारा कोण, हे विचारून घ्यावे. दंतवैद्यकाची पदवी झाल्यावर तीन वर्षे याच शाखेचा अभ्यास केलेले जे तज्ज्ञ असतात, त्यांस ऑर्थोडॉन्टिस्ट म्हणतात. खर्च पेलत नसेल त्यांनी दंत महाविद्यालयांची वाट धरावी. मुंबई महानगरपालिकेचे नायर दंत महाविद्यालय १९३३ पासून कार्य करीत आहे. मुंबई, नागपूर आणि छत्रपती संभाजीनगर येथे शासकीय दंत महाविद्यालये आहेत. तेथे फेऱ्या अधिक पडतात, रांगेत बसावे लागते. पण खर्च पुष्कळ कमी येतो आणि उपचार अध्यापकांच्या देखरेखीखाली होतात.

उपचार सुरू झाल्यावर निम्मे काम घरचे असते. तारेत अन्न अडकते. प्रत्येक जेवणानंतर ब्रश हवा. चिक्की, कडक लाडू, दाताने ऊस सोलणे काही काळ बंद. आणि तार निघाली म्हणजे काम संपले असे नव्हे. दात पूर्वीच्या जागी परतू पाहतात. म्हणून त्यांस धरून ठेवणारी प्लेट, जिला रिटेनर म्हणतात, ती डॉक्टर सांगतील तितकी वर्षे वापरावी लागते. दोन वर्षांची तार आणि पैसा, प्लेट कपाटात ठेवल्यामुळे वाया गेल्याची उदाहरणे थोडी नाहीत.

शेवटी, मंडळापुढे एक नम्र सूचना ठेवतो. दरवर्षी आपण दहावी-बारावीच्या विद्यार्थ्यांचा गुणगौरव करतो. त्याच दिवशी, त्याच सभागृहात, सहा ते आठ वर्षांच्या ज्ञातीतील सर्व मुलांची दंततपासणी ठेवावी. आपल्यात दंतवैद्य झालेले तरुण-तरुणी आहेत. ते नाही म्हणणार नाहीत. ज्याला पुढे उपचार लागतील आणि ऐपत नसेल, त्यास शिक्षणनिधीतून थोडे साहाय्य करता येईल काय, याचा विचार व्हावा. पहिल्या वर्षीच्या तपासणीच्या साहित्याचा खर्च मी माझ्या निवृत्तिवेतनातून देईन.

माझ्या कन्येस मुलगी आहे. २०२२ साली ती आठ वर्षांची असताना तिच्याही तोंडात तीच घराण्याची खूण दिसली. या वेळी कोणी हसले नाही. आठवड्याच्या आत तिची तपासणी झाली. वर्षभर ते कपाळ-हनुवटीचे साधन ती रात्री लावीत होती. पहिल्या काही रात्री रडली, नंतर त्यास तिने 'लगाम' असे नाव ठेवले आणि घोड्यासारखी खिंकाळून आम्हांस हसवू लागली. आज तिचे वरचे दात खालच्यांच्या बाहेर आहेत. वाढ पुरी होईपर्यंत लक्ष ठेवावे लागेल आणि जबडा पुन्हा पुढे येणारच नाही याची हमी कोणी देत नाही, असे डॉक्टरांनी स्पष्ट सांगितले आहे. ते आम्हांस मान्य आहे. जे वेळेवर करावयाचे ते वेळेवर झाले.

गेल्या दिवाळीत घरातील सर्वांचा फोटो निघाला. नात मध्यभागी दात दाखवून हसते आहे. तिची आई तिच्या मागे उभी आहे, आणि सवयीने मान वळवून.

पालकहो, घरी गेल्यावर आपले सात वर्षांचे मूल जेवावयास बसेल, तेव्हा त्यास दात मिटून हसावयास सांगा आणि नीट पाहा. शंका आली तर लगेच दाखवा. न आली तरी एकदा दाखवाच.